सभागृहाने नाकारले तेव्हा

१३ नोव्हेंबर १९२७, रविवार. अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली होती आणि अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी सारा महाराष्ट्र हलवला होता. अमरावतीत प्रश्न अंबादेवीच्या दाराचा होता. वऱ्हाडची कुलस्वामिनी म्हणून जिची ओटी भरायला खेड्यापाड्यांतून बाया येतात, तिच्या गाभाऱ्यापर्यंत जाण्याचा हक्क अस्पृश्यांनी मागितला होता. दार उघडले नाही तर सत्याग्रह करायचा, असे ठरत आले होते. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम आदल्या दिवशी मुंबईत वारल्याची बातमी आली. दुखवट्याचा ठराव झाला आणि परिषदेचे काम पुढे चालू राहिले.

देवस्थानच्या कारभारात दादासाहेब खापर्डे यांचे नाव वजनदार होते. टिळकांचे ते निकटचे सहकारी, मोठे वकील, अमरावतीच्या सार्वजनिक जीवनातले एक प्रमुख पुरुष. देवस्थानच्या पंचांना विचार करायला मुदत हवी, अशी विनंती आली. परिषदेने ती मानली आणि सत्याग्रह काही महिन्यांनी लांबणीवर टाकला. वऱ्हाडच्या पुढच्या इतिहासात हा प्रसंग वारंवार आठवतो. मागणी न्यायाची आहे हे समोरच्याला कळते, तो तोंडावर नाहीही म्हणत नाही, फक्त मुदत मागतो. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याची मुदत आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्याची मुदत यांत फार अंतर असते.

त्या काळी कायदा कोणाच्या बाजूने होता, हे आधी नीट पाहायला हवे. कारण आज आपण संविधानाच्या छायेत वाढलो आहोत आणि कायदा म्हटला की तो दुबळ्याच्या बाजूचा, असे धरून चालतो. १९२७ मध्ये तसे नव्हते. इंग्रजांची न्यायालये धर्माच्या बाबतीत रूढीला प्रमाण मानत. मद्रास इलाख्यातल्या कामुदीच्या मंदिराचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०८ मध्ये तिथे नाडार समाजाला मंदिराबाहेर ठेवणारी रूढी ग्राह्य ठरली. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम २९५ उपासनास्थळ भ्रष्ट करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगत होते. अस्पृश्याने देवळात पाऊल टाकणे म्हणजेच देऊळ भ्रष्ट करणे, असा या कलमाचा अर्थ लावला जाऊ शकत होता आणि नागपूरच्या न्यायालयाने तो लावलाही होता. म्हणजे अंबादेवीसमोर हात जोडायला आत गेलेला माणूस कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरण्याची शक्यता होती. मुंबई इलाख्यात निदान सी. के. बोले यांचा १९२३ चा ठराव तरी होता. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या, असे तो सांगत होता. पण वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते. ते मध्य प्रांताला जोडलेले होते, आणि नावापुरते का होईना, निजामाच्या मालकीचे होते. इथून निवडून आलेल्या सदस्यांचीही नागपूरच्या विधिमंडळावर सरकारने रीतसर नेमणूक करावी लागे, कारण कागदोपत्री वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हते. बोले ठरावाचा आधार घ्यायचा तर तो सरहद्दीपलीकडे राहिला.

या परिस्थितीत भाऊसाहेब अमरावतीत उतरले. डॉ. पंजाबराव देशमुख, जन्म २७ डिसेंबर १८९८, गाव पापळ. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. शिक्षणासाठी विलायतेला गेला, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर आणि विकासावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला, बॅरिस्टर झाला आणि १९२६ मध्ये परत आला. हा प्रबंधाचा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. देवळाच्या दारात उभे राहून शास्त्राचा हवाला देणाऱ्यांपुढे वेद मुळातून अभ्यासलेला एक कुणबी तरुण उभा राहिला होता. अंबादेवीच्या प्रश्नात तो अस्पृश्यांच्या बाजूने उभा राहिला. इंद्रभुवनातल्या परिषदेनंतर दोनच आठवड्यांत त्याने मुंबईच्या सोनार कुटुंबातल्या विमल वैद्य यांच्याशी लग्न केले. आंतरजातीय लग्न म्हणजे त्या काळी स्वतःच्या जातीशीच वैर. भाऊसाहेबांनी ते पत्करले, आणि विमलाबाईंनी पुढे राज्यसभेपर्यंत मजल मारली.

पण माझ्या मते त्या वर्षांतले खरे काम अंबादेवीच्या पायऱ्यांवर झाले नाही. ते एका वसतिगृहात आणि एका जिल्हा कौन्सिलच्या कचेरीत झाले.

वसतिगृहाचे नाव श्रद्धानंद छात्रालय. स्वामी श्रद्धानंदांचा २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीत खून झाला. त्यांच्या नावाने भाऊसाहेबांनी अमरावतीत हे छात्रालय काढले. खेड्यातून आलेल्या कोणत्याही जातीच्या मुलाला तिथे जागा होती. कुणबी, माळी, महार, सगळे एका छपराखाली झोपत आणि एका पंगतीत जेवत. मुलांच्या जेवणासाठी मुष्टिफंड होता: घरच्या बाईने रोज दळणाच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते जमा करून छात्रालयात पोचवायचे. सरकारी परवानगी नको, अनुदान नको, कोणत्याही सभागृहाचा ठराव नको. मंदिराच्या दारात रूढी आडवी आली, तशी ज्वारीच्या मुठीत येऊ शकत नव्हती. ज्या घरातून ती मूठ निघाली त्या घराला नकळत सगळ्या जातींच्या पंगतीचे भागीदार केले गेले, ही या योजनेतली सर्वांत मोठी गोष्ट.

जिल्हा कौन्सिलची हकीकत वेगळी आहे. १९२८ मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, भाऊसाहेब अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. जिल्हा कौन्सिल ही विधिमंडळाच्या तुलनेत अगदी लहान जागा. रस्ते, दवाखाने, प्राथमिक शाळा आणि विहिरी एवढाच तिचा कारभार. पण विहिरी! जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय त्यांनी घेतला. याचे वजन ज्याला कळायचे असेल त्याने पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा डोळ्यांपुढे आणावा. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अकोल्याचा बराचसा भाग. इथे खोल खणावे तितके पाणी खारट लागते. गोड पाण्याची विहीर गावात एखादी असायची. त्या विहिरीच्या काठावरून ज्याला हुसकले जाई, त्याला खारे पाणी पिण्यावाचून इलाज नसे. त्याच्या मुलांची पोटे, गुरांचे दूध, म्हाताऱ्यांचे मूतखडे, सगळे त्या एका मनाईशी बांधलेले होते. देवळात प्रवेश हा मानाचा प्रश्न होता. विहिरीत मान आणि प्राण दोन्ही होते. भाऊसाहेबांनी ज्या खुर्चीवर ते बसले होते तिच्या अधिकारात काय काय येते ते शोधले आणि तेवढे पुरते वापरले. शिक्षणासाठी करही वाढवला. करवाढ करून लोकप्रिय राहिलेला पुढारी सहसा सापडत नाही, पण शेतकऱ्याला आपल्या पोरासाठी शाळा मिळते आहे हे दिसत होते.

विहीर खुली करण्याचा हुकूम निघाला म्हणून गावोगावी दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकत्र पाणी भरले, असे कोणी समजू नये. हुकूम आणि रहाट यांच्यामध्ये गावचा पाटील होता, गावकी होती, आणि दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणाऱ्या माणसाची भीती होती. पण हुकूम हातात असणे आणि नसणे यांत फरक आहे. आतापर्यंत पाण्याला गेलेला महार गुन्हेगार होता; आता अडवणारा बेकायदा ठरत होता.

१९३० मध्ये भाऊसाहेब नागपूरच्या विधिमंडळात गेले आणि मंत्री झाले. शिक्षण, शेती ही खाती त्यांच्याकडे होती. द्विदल राज्यपद्धतीत मंत्री म्हणजे अर्धा हात बांधलेला माणूस. तिजोरी, पोलीस, महसूल गव्हर्नरच्या माणसांकडे. शाळा आणि दवाखाने मंत्र्यांकडे. सभागृहात बसलेले बहुतेक लोक मालगुजार, सावकार, वकील, कारण मत द्यायला सारा किंवा कर भरावा लागे. अस्पृश्यांचे प्रतिनिधी मतदानातून येणे जवळपास अशक्य होते, म्हणून सरकार त्यांची नेमणूक करी. अमरावतीचे गणेश आकाजी गवई हे असे नेमलेले सदस्य. पुढे बाबासाहेबांशी त्यांचे राजकीय मतभेद झाले, पण ज्या सभागृहात आपल्या माणसांपैकी जवळजवळ कोणाला मत नाही तिथे उठून बोलण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, हे विसरू नये.

अशा सभागृहात १९३२ मध्ये भाऊसाहेबांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. देवस्थानांकडे इनाम जमिनी आहेत, दागिने आहेत, पेटीत रोज पडणारा पैसा आहे. तो पैसा भक्तांचा आहे आणि भक्त बहुतेक शेतकरी, कारागीर, मजूर आहेत. मग त्याचा हिशेब लोकांपुढे यावा, आणि देवाची पूजाअर्चा होऊन जे उरेल ते शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामाला लागावे, हा त्यामागचा विचार. आज तो इतका साधा वाटतो की यात भांडण्यासारखे काय, असा प्रश्न पडेल. सनातनी मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला. धर्मात सरकारची ढवळाढवळ, देवाच्या धनावर डोळा, असे आरोप झाले. विधेयक कायदा होऊ शकले नाही.

याच सभागृहात १९३३ मध्ये कर्जलवादाचा कायदा मात्र झाला. मंदीने कापसाचे भाव कोसळले होते, वऱ्हाडचा शेतकरी व्याजाखाली पिचला होता, आणि सावकार व कुळ यांना समोरासमोर बसवून कर्जाची तडजोड करणारी मंडळे या कायद्याने आली. सावकारांनी भरलेले सभागृह हे कसे मान्य करते? मला वाटते, याचे कारण हिशेबात आहे. बुडीत कर्जातून काहीतरी हाती लागणे सावकारालाही परवडत होते. देवस्थानाच्या बाबतीत असे काही देणेघेणे नव्हते; तिथे फक्त सत्ता सोडायची होती. विधिमंडळे पैशाच्या बाबतीत तडजोड करतात, पण जातीच्या मानाच्या बाबतीत ती फार चिवट असतात. दिल्लीतही तेच घडत होते. पुणे कराराला सप्टेंबर १९३२ मध्ये सह्या झाल्या, मध्य प्रांत-वऱ्हाडच्या वाट्याला २० राखीव जागा आल्या, गांधीजींनी मंदिरप्रवेशाची मोहीम उघडली. रंगा अय्यर यांनी १९३३ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयके आणली. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींचा हरिजन दौरा विदर्भातून सुरू झाला आणि अमरावती, अकोल्याला सभा झाल्या. पण पुढच्याच वर्षी निवडणुका दिसू लागल्या, पाठिंबा आटला आणि ऑगस्ट १९३४ मध्ये मंदिरप्रवेशाचे विधेयक मागे घ्यावे लागले. मते जातील या भीतीने न्यायाचा कायदा गुंडाळला जाण्याची ही आपल्या देशातली पहिली वेळ नव्हती, शेवटचीही नाही.

विधेयक पडले त्याच १९३२ सालात भाऊसाहेबांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. देवस्थानांच्या शिलकीतून ज्या मुलांना शिकवायचे होते, त्यांना शिकवण्यासाठी दुसरा मार्ग काढला. छात्रालय होते, मुष्टिफंड होता, आता संस्था झाली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा अशी ती पसरत गेली. खेड्यात शाळा, तालुक्याला कॉलेज. वऱ्हाडातल्या बहुजन घरांतली पहिली पदवीधर पिढी मोठ्या प्रमाणावर तिथून बाहेर पडली. पुढे अकोल्याला १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. मंत्रिपद १९३३ मध्ये गेले, पण संस्थेचे काही बिघडले नाही, कारण ती मंत्रिपदावर टांगलेली नव्हती. सामाजिक काम टिकवायचे तर त्याचे अन्न कोणत्या दारातून येते हे आधी पाहावे, एवढे या इतिहासातून स्पष्ट दिसते.

याच मातीत गाडगेबाबा वेगळ्या रीतीने तेच करीत होते. शेंडगावात जन्म, बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे. त्यांनी कोणाकडे कायदा मागितला नाही. पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांना निवारा मिळत नाही, हे पाहून लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वऱ्हाडच्या मातीतून निघालेल्या दोन प्रवाहांची ही भेट मला त्या काळातली फार मोलाची घटना वाटते.

कायदे आले ते स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १९४७ मध्ये अनुसूचित जातींवरील नागरी निर्बंध दूर करणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी मंदिरप्रवेशाचाही. १९५० मध्ये संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यताच रद्द केली, १९५५ मध्ये अस्पृश्यता अपराध कायदा आला. देवस्थानांच्या हिशेबाचा प्रश्न सार्वजनिक न्यासांच्या कायद्यांनी सोडवला. विदर्भ मध्य प्रदेशात असताना १९५१ मध्ये असा कायदा झाला. म्हणजे भाऊसाहेबांच्या विधेयकाचा गाभा सुमारे २० वर्षांनी मान्य झाला. पण इंद्रभुवनात बसलेल्या लोकांपैकी अनेकांना तोपर्यंत त्या दाराचे काही वाटेनासे झाले होते. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर वऱ्हाडातून बैलगाड्या भरून माणसे गेली. दार उघडायला २० वर्षे लावणाऱ्या समाजाने ती माणसे गमावली. हा उशीर मोजला पाहिजे. उशिरा दिलेला न्याय घ्यायला माणसे थांबतातच असे नाही.

संविधान सभेतही भाऊसाहेब होते. मागासलेल्या वर्गांची पाहणी करण्यासाठी आयोग नेमावा, ही तरतूद ३४० व्या कलमात आली, आणि त्या वर्गांची बाजू सभेत लावून धरणाऱ्यांत ते पुढे होते. काकासाहेब कालेलकरांचा आयोग १९५३ मध्ये नेमला गेला, १९५५ मध्ये अहवाल आला आणि कपाटात गेला. मंडल आयोगाच्या शिफारशींची अंमलबजावणी जाहीर व्हायला १९९० उजाडले. भाऊसाहेब १० एप्रिल १९६५ रोजीच गेले होते.

अमरावतीच्या वेशीबाहेर याच काळात आणखी एक काम चालले होते. तिथे कायदा नुसता उदासीन नव्हता, तो थेट विरोधात होता. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, लोक त्यांना दाजीसाहेब म्हणत. होमिओपॅथीचे डॉक्टर, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले. १९४६ मध्ये त्यांनी अमरावतीजवळच्या ओसाड, खडकाळ माळावर जगदंबा कुष्ठनिवास सुरू केले. त्या जागेला तपोवन हे नाव पडले.

१८९८ चा कुष्ठरोगी कायदा तेव्हा लागू करता येत होता. भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पोलिसाने वॉरंटशिवाय पकडावे, तपासणी करून आश्रमात कोंडावे. सरकार अधिसूचना काढेल त्या भागात कुष्ठरोग्याने खाण्यापिण्याच्या वस्तू, औषधे, कपडे विकू नयेत, सार्वजनिक विहिरीवर धुऊ-अंघोळू नये, पाणी घेऊ नये, भाड्याची गाडी हाकू नये. विहीर इथेही आलीच. मजेची नव्हे, वेदनेची गोष्ट अशी की कायदा होण्याच्या काही वर्षे आधी, १८९०-९१ मध्ये, हिंदुस्थानात फिरून गेलेल्या कुष्ठरोग आयोगाने हा रोग फार थोडा संसर्गजन्य आहे आणि सक्तीने कोंडणे उपयोगाचे नाही, असे सांगून ठेवले होते. ज्ञान हाती होते, तरी कायदा भीतीने लिहिला.

दाजीसाहेबांनी कोंडण्याच्या जागी वस्ती केली. रुग्ण शेती करू लागले, सुतारकाम, विणकाम शिकले, माळावर झाडे लावली. ज्या हातांच्या वस्तू विकण्याला कायदा बंदी घालू पाहत होता, त्या हातांनी बनवलेले सामान अमरावतीच्या घरांत पोचले. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि हा रोग बरा होऊ लागला; तरी बरा झालेला माणूस घरी परत घेतला जात नव्हता. त्याला तपोवन हेच घर.

१९५९ मध्ये भारत सरकारने दाजीसाहेबांना पद्मश्री दिली. त्याच १९५९ सालच्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्यात, पकडलेल्या भिकाऱ्याला कुष्ठरोग असेल तर त्याला कुष्ठालयात हलवून ठेवण्याची तरतूद झाली. एक हात सन्मान करतो आणि दुसरा जुनी भीती नव्या कलमात लिहितो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. दाजीसाहेब १९८६ मध्ये वारले. १८९८ चा कायदा देशाच्या कायदेपुस्तकातून २०१६ मध्ये गेला. विधी आयोगाने २०१५ मध्ये २५६ व्या अहवालात या सगळ्या भेदभावाची यादी मांडली आणि २०१९ च्या सुधारणेने पाच व्यक्तिगत कायद्यांतून कुष्ठरोगाचे कारण काढले. तपोवन सुरू झाल्यापासून ७३ वर्षांनी. या ७३ वर्षांत काम थांबले असते तर त्या सुधारणेचा लाभ घ्यायला कोण उरले असते? आज शहर वाढत वाढत तपोवनापर्यंत आले आहे आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ त्याच परिसरात आहे.

हा इतिहास संपलेला नाही. अमरावती जिल्ह्यातच, अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर नावाचे गाव आहे. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने बेवारस, बौद्धिक अपंगत्व असलेल्या, मूकबधिर, अंध मुलांचे बालगृह चालवले आहे. कचराकुंडीत, रेल्वे फलाटावर, बसस्थानकावर टाकून दिलेली मुले. शंकरबाबांनी त्यांना आपले आडनाव दिले, कित्येकांची लग्ने लावली. त्यांच्यातली एक दृष्टिहीन मुलगी २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या वाटेत आडवा आलेला कायदा कोणाच्या द्वेषातून आलेला नाही, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. बालन्याय कायदा मुलांच्या भल्यासाठीच आहे. पण त्यात मूल म्हणजे १८ वर्षांपर्यंतचे; १८ झाली की बालगृह सोडायचे. २०१५ च्या कायद्यात पुढे २१ वर्षांपर्यंत मदतीची सोय केली आहे. धडधाकट मुलाला ती पुरेल. ज्या मुलीला आपले नाव सांगता येत नाही, जिला जगात दुसरे कोणी नाही, तिने १८ व्या वाढदिवशी कुठे जायचे? शंकरबाबा गेली कित्येक वर्षे हाच प्रश्न सरकारपुढे मांडत आहेत: बेवारस अपंग मुलांना त्यांच्या घरातच आयुष्यभर राहू द्या आणि तसा कायदा करा. कायदा व्हायच्या आधीच त्यांनी आपली मुले घराबाहेर काढायचे नाकारले आहे.

अंबादेवीच्या वेळी पंचांनी मुदत मागितली होती. वझ्झरच्या मुलांच्या बाबतीत ती मुदत आपण देऊ नये. अमरावती आणि अकोल्याच्या आमदार-खासदारांनी बालन्याय कायद्यातील या दुरुस्तीची मागणी आपापल्या सभागृहात करावी, आणि त्यांना मते देणाऱ्या आपण ती त्यांच्याकडे करावी. ती मंजूर होईपर्यंत वझ्झरच्या घराला लागेल ते धान्य, कपडे, औषध, माणसांचा वेळ आपल्याच घरांतून गेला पाहिजे, मुष्टिफंडात जात होता तसा.